पहिल्या वर्षांच्या मार्कांवरून एमबीएचा विचार सोडू नका

"परदेशात एमबीएला अप्लाय करायचंय पण ग्रॅज्युएशनची पहिली दोन वर्षं पार गंडली होती, काही चान्स आहे का?" असा मेसेज मला सारखा येतो आणि दरवेळी वाईट वाटतं. विचारणारा बहुतेक वेळा कित्येक वर्षं चांगलं काम करत असतो, टीम सांभाळत असतो, आणि तरी अठराव्या वर्षीच्या मार्कशीटवरून स्वतःची किंमत ठरवून बसलेला असतो.

अ‍ॅडमिशन कमिटी मार्कशीट बघते ती मुख्यतः एवढ्यासाठी की याला आमचा अभ्यास झेपेल का. पहिल्याच टर्मला अकाउंटिंग, फायनान्स, स्टॅटिस्टिक्स सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून नुसती सरासरी बघत नाहीत, कमी मार्क कुठल्या विषयात आहेत आणि शेवटच्या वर्षापर्यंत गाडी रुळावर आली का हेही बघतात. भाषेच्या पेपरात कमी पडलेले मार्क वेगळे आणि गणितात लागोपाठ बॅकलॉग वेगळे. आधी स्वतःची मार्कशीट या नजरेने वाचा.

जुने मार्क आता बदलणार नाहीत, पण नवा पुरावा देता येतो. हल्ली बऱ्याच स्कूल्स टेस्ट वेव्हर, म्हणजे प्रवेश परीक्षेतून सूट, देतात आणि लोक खूश होऊन घेतात. माझं स्पष्ट मत, मार्क कमी असतील तर वेव्हर मागूच नका!! आताची जीमॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, सव्वादोन तासांची आहे, क्वांट (गणित), व्हर्बल (भाषा) आणि डेटा इनसाइट्स (माहितीचं विश्लेषण) असे ४५ मिनिटांचे तीन भाग, स्कोअर २०५ ते ८०५ आणि तो पाच वर्षं चालतो. गणितात घसरला असाल तर क्वांटचा चांगला स्कोअर तुमच्या बाजूने जेवढं बोलेल तेवढं अर्जातला कुठलाही एसे (निबंध) बोलणार नाही. त्याच्या जोडीला एखादा कोर्स करा, पण व्हिडिओ संपले की सर्टिफिकेट असला नको, शेवटी खरी परीक्षा असलेला करा. हार्वर्डच्या ऑनलाइन कोअर प्रोग्रॅममध्ये बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, इकॉनॉमिक्स आणि फायनान्शियल अकाउंटिंग असे तीन विषय आहेत, म्हणजे नेमकी जिथे शंका येते तीच जागा.

आणि ऑप्शनल एसे, म्हणजे जास्तीचं काही सांगायचं असेल तर लिहायचा ऐच्छिक निबंध. चांगले चांगले अर्ज इथे बिघडताना बघितलेत. कुणी दोन पानं रडगाणं लिहितं, कुणी प्रोफेसरांना दोष देतं, कुणी काहीच न लिहिता सोडून देतं आणि मग वाचणारा स्वतःच कारण शोधतो, ते सहसा तुमच्या फायद्याचं नसतं. काय झालं, का झालं, नंतर काय बदललं, बस. आजारपण असेल, घरची जबाबदारी असेल, शिकताना नोकरी करावी लागली असेल तर सरळ सांगा, लाजायचं काय त्यात. आणि तसलं काही नसेल, अभ्यासच केला नसेल, तर तेही एका वाक्यात सांगा, खोटं कारण बनवू नका प्लीज. पण हे सगळं मेन एसेत नको. स्टॅनफर्ड विचारतं की तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आणि का, आता तिथेही जर सेकंड सेमच्या मार्कांबद्दलच लिहिलंत तर तुम्ही कोण आहात हे त्यांना कळणार कधी?

रेकमेंडेशन देणाऱ्या बॉसशी आधी नीट बोला, मार्कांची अडचण त्यांना मोकळेपणाने सांगा. "हुशार आणि मेहनती" असं सगळ्यांबद्दलच लिहिलेलं असतं, त्यापेक्षा तुम्ही बजेटचं मॉडेल कसं उभं केलं किंवा आकड्यांतली चूक कशी पकडली हे त्यांनी लिहिलं तर त्याला वजन येतं. आणि टक्क्यांचं जीपीए स्वतःच्या मनाने काढू नका, बऱ्याच स्कूल्सना मार्क मूळ पद्धतीतच हवे असतात, त्यांच्या सूचना वाचा.

कमी मार्कांनी काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही, पडतो, वरच्या स्कूल्समध्ये नक्की पडतो. पण क्लास प्रोफाइलमधली (स्कूल आपल्या बॅचची जी माहिती जाहीर करते त्यातली) सरासरी म्हणजे किमान अट नव्हे, तिच्या खालचे लोकही त्याच वर्गात बसलेले असतात. यादीत दोन-तीन स्कूल्स अशा ठेवा जिथे तुमचे मार्क सरासरीच्या जवळ आहेत.

अर्ज घेण्याच्या राउंडचं म्हणाल तर पहिला साधारण सप्टेंबरच्या आसपास, दुसरा जानेवारीत. स्कोअर आणि कोर्सचा निकाल हातात नसताना घाईघाईत पहिल्यात टाकण्यापेक्षा दुसऱ्यात पूर्ण अर्ज टाका. तिसऱ्यावर मात्र भरवसा ठेवू नका, तोवर बहुतेक जागा गेलेल्या असतात.