पुण्याचं नाक, डेल्फ्टचं मिरं

२०१४ साली मुंबईत पंतप्रधानांनी गणपतीच्या मस्तकाचा दाखला देत डॉक्टरांसमोर प्लास्टिक सर्जरीचा विषय काढला होता. इतकी वर्षं झाली, पण आमच्या घरच्या ग्रुपवर तो वाद काही शिळा होत नाही. मामा म्हणतात, ‘सगळं आपल्याकडे होतं, गोऱ्यांनी पळवलं.’ चुलतभाऊ म्हणतो, ‘काही नव्हतं, शरीररचना दाखवणारा व्हेसॅलियस आणि रक्ताभिसरण उलगडणारा हार्वे झाले म्हणून आपण वाचलो.’ मी नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला राहतो, त्यामुळे दोघंही मला साक्षीला ओढतात.

मामांची बाजू कमकुवत नाही, पुरावा चुकीचा आहे. पुराणात कशाला जायचं? पुणं पुरेसं आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक गमावून बसला. पुढे पुण्याजवळच्या एका माणसानं मेणाचं नाक करून ते सपाट केलं, कपाळावर ठेवून त्याची कड आखली, तेवढी कातडी सोलली, भुवयांच्या मधला पट्टा तसाच जोडलेला ठेवला आणि कातडी पिळून खाली वळवली. पट्टा जोडलेला असल्यानं रक्त चालू राहतं आणि कातडी जगते. हे लंडनमध्ये वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये जिवंत रोग्यावर हात घातला आणि १८१६ मध्ये सगळं चित्रांसह छापलं.

पत्रात रोग्याचं नाव आहे. नाक बसवणाऱ्याची फक्त जात आहे: विटा पाडणारा. माझं म्हणणं इथेच सुरू होतं. त्या माणसाचा हात कार्प्यूपेक्षा उणा नव्हता. पण त्याची विद्या हाताकडून हाताकडे जात होती. जो हात थांबला तिथे ती थांबली. कार्प्यूचं पुस्तक मात्र कुणीही परका सर्जन उघडून पाहू शकत होता, करून बघू शकत होता, चूक काढू शकत होता. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात खरा बदल झाला तो या सवयीत.

आमच्या डेल्फ्टचाच आंतोनी व्हान लेवेनहूक घ्या. कापडाचा व्यापारी, लॅटिन येत नव्हतं. मिरं तिखट का लागतं हे शोधायला त्यानं मिरं पाण्यात भिजत घातलं आणि स्वतः घासलेल्या भिंगातून त्या पाण्यात वळवळणारे जीव पाहिले. १६७६ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला डच भाषेत पत्र लिहिलं. त्यांचा विश्वास बसेना. मग त्यानं आठ जणांच्या, त्यांत धर्मोपदेशकही, सह्यांच्या साक्षी पाठवल्या. आणि १६७७ मध्ये त्याच संस्थेतल्या रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञानं लंडनमध्ये मिऱ्याचं पाणी करून तेच जीव स्वतः पाहिले. मला या कथेत लेवेनहूकइतकाच हुक आवडतो. दुसऱ्याचं खरं ठरवायला आपला वेळ घालवणारा माणूस.

पण भावानंही फार हरखून जाऊ नये. हाच लेवेनहूक आपली सर्वांत चांगली भिंगं आणि बघण्याची खास रीत कुणाला सांगत नसे. म्हणजे ‘घराण्याची विद्या’ फक्त आपल्याकडेच होती असं नाही. उट्रेख्टच्या विद्यापीठानं १६४२ मध्ये देकार्त या फ्रेंच विचारवंताचं नवं तत्त्वज्ञान शिकवायला बंदी केली. डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचा धर्म आणि राज्यसत्तेवरचा ग्रंथ १६७० मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला, तोही नाव न घालता आणि छपाईचं ठिकाण हॅम्बुर्ग असं खोटंच सांगून. भाऊ ज्याला ‘पश्चिम’ म्हणतो, त्यात हे बंदी घालणारेही येतात.

आणि एक पुस्तक आहे, ज्यावर मामा आणि भाऊ दोघांनीही गप्प बसावं. कोचीचा डच अधिकारी व्हान रेडे यानं मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ दरम्यान तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य. या तिघांचं निवेदन पहिल्या खंडात त्यांच्या नावांनिशी, नागरी लिपीत, कोंकणीत छापलेलं आहे. हे काम डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मसाल्याच्या धंद्यातून आलं, त्यात परोपकार नव्हता, हे मान्य. तरी ज्यांनी सांगितलं त्यांची नावं पानावर आहेत, आणि पुण्याच्या त्या कारागिराचं नाही.

परवा भावानं विचारलं, मग नाकाचं श्रेय कुणाचं? मी म्हटलं, कार्प्यूनं आपल्या पुस्तकात ही पद्धत हिंदुस्थानची म्हणूनच मांडली आहे, त्यावर आपण भांडायचं कारण नाही. मामांना मात्र एवढंच विचारलं: ज्या काढ्याचे फोटो तुम्ही रोज पाठवता, तो कुणी, किती जणांना दिला आणि किती जणांना उतार पडला नाही, हे कुठे छापलंय का? अजून उत्तर आलेलं नाही.