सन मायक्रोसिस्टिम्स: फावडी विकणाऱ्याचा हिशेब

नमस्कार. सन मायक्रोसिस्टिम्स या सर्व्हर (संकेतस्थळं चालवणारे मोठे संगणक) बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या शेअरने २००० च्या शिखरापासून ९६ टक्के किंमत गमावली, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. ६४ डॉलरचा शेअर ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने सन विकत घेताना ९.५० डॉलरला घेतला म्हणजे नुकसान ८५ टक्के, मग लेखात ९६ कसे? सन ही काही पेट्स डॉट कॉमसारखी, नफा न कमावता बुडालेली इंटरनेट कंपनी नव्हती. सोनं खणणाऱ्यांना (म्हणजे डॉट कॉम कंपन्यांना) फावडी (म्हणजे सर्व्हर) विकणारी, खरा नफा कमावणारी कंपनी होती. आणि २००० साली यातलं काही दिसतच नव्हतं, तेव्हा आजची टीका म्हणजे पश्चातबुद्धी.

आकड्यांचं आधी. तुम्ही शेअर विभाजन धरलेलं नाही. सप्टेंबर २००० मधला ६४ हा आकडा डिसेंबर २००० मध्ये झालेल्या एकाच्या दोन विभाजनानंतरच्या हिशेबाचा आहे. त्या महिन्यातल्या वर्तमानपत्रात भाव साधारण १२८ दिसेल. पुढे नोव्हेंबर २००७ मध्ये उलटं विभाजन झालं, चार शेअरचा एक. म्हणजे त्या सप्टेंबरात १२८ च्या भावाने १०० शेअर घेणाऱ्याने १२,८०० डॉलर घातले. डिसेंबरात त्याचे २०० शेअर झाले, २००७ मध्ये ५० उरले, आणि जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलकडून हातात आले ४७५ डॉलर. लाभांश सनने कधीच दिला नाही, त्यामुळे मिळवायला दुसरं काही नाही. हे नुकसान ९६ टक्क्यांहून थोडं जास्तच होतं. १९९९ मध्येही एप्रिल आणि डिसेंबर अशी दोन विभाजनं झाली होती, म्हणून जुना आलेख बघताना भाव ‘समायोजित’ (नंतरची विभाजनं धरून काढलेला) आहे की त्या दिवशीचा छापील, हे पाहिल्याशिवाय वजाबाकी करू नये.

आता फावडी. हा युक्तिवाद तेव्हाही फार चालायचा आणि त्यातच खरी गफलत आहे. फावडेवाल्याकडे येणारा पैसा खाणवाल्याच्याच खिशातून येतो. खाणवाल्याला सोनं सापडलेलंच नसेल आणि तो उधार-उसनवारीवर खणत असेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? डॉट कॉम कंपन्या व्हेंचर कॅपिटल (नव्या कंपन्यांत जोखीम घेऊन गुंतवलेला पैसा) किंवा आयपीओतून (लोकांना पहिल्यांदा शेअर विकून) पैसा उभा करत आणि त्यातला मोठा वाटा सर्व्हर, राउटर नि डेटा सेंटरच्या भाड्यात जाई. सनचा एंटरप्राइझ १०००० हा सर्व्हर घ्या: ६४ प्रोसेसरपर्यंत वाढणारं, पूर्ण भरलं तर दहा लाख डॉलरच्या वर जाणारं यंत्र. (त्याचा आराखडा मूळचा क्रे या महासंगणक कंपनीचा, सनची प्रतिस्पर्धी एसजीआय हिने क्रे विकत घेतल्यावर तो भाग सनला विकून टाकला. आपल्याच प्रतिस्पर्ध्याला इतकी चांगली भेट क्वचितच कुणी दिली असेल.)

गंमत अशी की हा ओघ आटल्याचं फावडेवाल्याच्या वहीत उशिरा उमटतं. नॅस्डॅक हा तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकी शेअर निर्देशांक १० मार्च २००० ला शिखरावर पोचला, पण आधी उभारलेला पैसा कंपन्यांकडे होता आणि ऑर्डरी चालूच होत्या. सनची डिसेंबर २००० ची तिमाही विक्री ५.१ अब्ज डॉलर. म्हणजे शिखरानंतर नऊ महिन्यांनीही आकडे झकास. सप्टेंबर २००१ च्या तिमाहीत मात्र विक्री २.८६ अब्ज, वर तोटा. शिवाय फावडं झिजत नाही: बुडालेल्या कंपन्यांची जवळजवळ कोरी यंत्रं लिलावात मूळ किमतीच्या अंशाला मिळू लागली, आणि नव्या सन सर्व्हरला स्पर्धा आली ती जुन्या सन सर्व्हरचीच.

मालातही खोट निघाली होती. सनच्या अल्ट्रास्पार्क-२ या प्रोसेसरच्या बाह्य कॅशला (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) फक्त पॅरिटी या तपासणीचं संरक्षण होतं. पॅरिटीने एक बिट उलटल्याचं कळतं, ते दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे चूक दिसताच यंत्र ‘पॅनिक’ होऊन आपोआप बंद पडे. पुढे कॅशची जुळी प्रत ठेवणारे मॉड्यूल द्यावे लागले. पुढचा प्रोसेसर अल्ट्रास्पार्क-३ यायला उशीर झाला. तोवर वेबची पुढची फळी (वाचकाला पानं पाठवणारे वेब सर्व्हर) स्वस्त इंटेल यंत्रांवर लिनक्स ही फुकट प्रणाली टाकून चालवता येते, हे लोकांना कळलं होतं. वेब सर्व्हर एक मेला तर दुसरा उत्तर देतो. त्याला महागड्या यंत्राची गरज नसते. डेटाबेसचं तसं नव्हतं, म्हणून सन एका दिवसात संपली नाही. गूगल अशाच स्वस्त यंत्रांवर उभं राहिलं, आणि १९९८ मध्ये त्यांना एक लाख डॉलरचा चेक देणारा अँडी बेख्टोल्शाइम हा सनच्याच चार संस्थापकांपैकी एक. दुसरे एक संस्थापक, विनोद खोसला, जन्माने पुण्याचे.

पश्चातबुद्धीबद्दल: कोसळण्याची तारीख कुणाला कळणं शक्य नव्हतं, हे मान्य. १९९९ च्या सुरुवातीला ‘महाग आहे’ म्हणून सोडणाऱ्याने पुढची सुमारे सहापट वाढ गमावली. पण भावात किती अपेक्षा भरली आहे, हे त्याच दिवशी कागदावर मांडता येत होतं. जून २००० ला संपलेल्या वर्षी विक्री १५.७ अब्ज, निव्वळ नफा १.८५ अब्ज, शिखरावर बाजारमूल्य २०० अब्जांच्या वर. म्हणजे विक्रीच्या १२-१३ पट आणि नफ्याच्या शंभरीपलीकडे. आता उदार होऊन धरा की नफा सलग दहा वर्षं २५ टक्क्यांनी वाढेल. तो साडेनऊ पटीच्या आत, १७ अब्जांच्या आसपास जातो. दहा वर्षांनी हार्डवेअर कंपनीला नफ्याच्या १२ पट भाव मिळाला तर बाजारमूल्य येतं पुन्हा २०० अब्जांच्या घरात. सगळं मनासारखं होऊनही दहा वर्षांचा परतावा शून्य. सनचे तेव्हाचे प्रमुख स्कॉट मॅकनीली यांनी स्वतः २००२ मध्ये विक्रीच्या दहापट भावाबद्दल असाच हिशेब मांडला होता: खर्च शून्य, कर शून्य, संशोधन शून्य ठेवून सगळी विक्री लाभांश म्हणून वाटली, तरी गुंतवणूक परत यायला दहा वर्षं लागतील.

म्हणून ‘खरी कंपनी’ आणि ‘परवडणारा शेअर’ हे दोन प्रश्न मी वेगळे ठेवतो. पहिल्याचं उत्तर सनबाबत निःसंशय हो असं आहे.

तुमचा एक आक्षेप मात्र पूर्ण बरोबर: आलेखाखाली विभाजनांची नोंद नव्हती. १९९९ पासूनच्या तिन्ही विभाजनांच्या आणि २००७ च्या उलट्या विभाजनाच्या खुणा आज रात्री घालतो.