वायूचा त्रास

मला वायूचा त्रास आहे, असं सध्या सोलापुरात विजापूर रोडच्या निम्म्या मॉर्निंग वॉकवाल्यांचं मत झालंय. परवा अक्कलकोटहून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, तब्येत कशीय? काही लपवू नका." कुणीतरी माझा मैदानावरचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता. त्यात मी डोळे मिटून दोन्ही खांदे कानापर्यंत उचलतोय आणि सोडतोय. खाली कुणीतरी हात जोडलेत.

त्रास-बिस काही नाही. मी धनुर्विद्येच्या सरावाला जातो आणि धनुष्य हातात घ्यायच्या आधी अंग मोकळं करतो. एवढंच आहे. पण हे 'एवढंच' या शहरात कुणाला पटवून दाखवा.

या वायूच्या बोभाट्याचं मूळ म्हणजे एक काका. पांढरा लेंगा, एप्रिलातही कानटोपी, हातात दुधाची पिशवी. मी रबरी पट्टा दोन हातांत धरून छातीसमोर ताणत होतो. काका थांबले. आधी पट्ट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा पट्ट्याकडं.

"काय करायलाव ओ?"

"वॉर्मअप."

"ही ट्यूब कुठनं घेतलाव?"

"ट्यूब नाही, थेराबँड आहे."

"कितीला?"

"साडेतीनशे."

काकांनी दुधाची पिशवी खाली ठेवली. म्हणजे विषय गंभीर झाला होता. "साडेतीनशे! सायकलची फुटकी ट्यूब पंक्चरवाला फुकट देतोय की." (हे खरं आहे. ती चालतेसुद्धा. म्हणूनच जास्त लागलं.)

मग मुख्य प्रश्न आला. "पण वॉर्म कशाला व्हायलाव? त्रेचाळीस डिग्री हाय. अजून किती गरम व्हायचं?"

मी नको तेवढ्या उत्साहानं समजावायला लागलो. काका, उन्हानं कातडी तापते, स्नायू नाही. स्नायू हलवल्यावर त्यात रक्त खेळतं, मग तो नीट ताणला जातो. खांद्याच्या खोबणीभोवती चार छोटे स्नायू असतात. धनुष्य ओढताना आणि ओढून धरताना हाड जागेवर ठेवायचं काम त्यांचं. थंड अंगानं धनुष्य ओढलं की पहिले तेच दुखावतात. माझं धनुष्य छत्तीस पाउंडाचं, म्हणजे एका ओढीला सोळा किलोच्या वर. स्पर्धेत बहात्तर बाण. हिशेब करा, पावणेबारा क्विंटल! मार्केट यार्डातला हमालसुद्धा एवढी ज्वारी उचलायच्या आधी कंबर बांधतो.

काकांनी हिशेब केला नाही. ते म्हणाले, "अर्जुनानं कुठं हात फिरवले होते?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. तिरंदाजाला तो आयुष्यभर विचारला जातो. त्याचं उत्तर मी पाठ करून ठेवलंय: नाही फिरवले म्हणूनच ऐन कुरुक्षेत्रावर गात्रं गळाली, अंगाला कापरं भरलं आणि गांडीव हातातून निसटायला लागलं. त्यानंतर किती वेळ समजूत काढावी लागली ते सगळ्यांना माहिताय. काका हसले नाहीत. देवाधर्माची चेष्टा करणारा माणूस आहे, एवढी नोंद मात्र त्यांनी घेतली.

"मी मिलमध्ये होतो, साचेखात्यात," ते म्हणाले. "आठ-आठ तास उभा. कधी हात फिरवला नाही, की पाय ताणला नाही. काय झालं मला?"

हे बोलताना त्यांना घाम पुसायचा होता, म्हणून कानटोपी काढायची होती. उजव्या हातात किल्ल्या होत्या. डावा हात निघाला, छातीपर्यंत आला, हनुवटीशी थांबला. मग काकांनी किल्ल्या खिशात टाकल्या, उजव्या हातानं डाव्याचं कोपर धरलं आणि एखादी जड खिडकी सरकवावी तसं ते वर ढकललं. बोटं टोपीला लागली. टोपी निघाली. "काय झालं मला?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी काय बोलणार?

तोवर आणखी चौघं जमले होते. एकानं सांगितलं की मान अशी गोल फिरवू नये, त्याच्या साडूची तशीच अडकली. दुसऱ्यानं विचारलं, बाण कधी मारणार, आम्हाला जायचंय. लोकांना बाण बघायचा असतो. २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीनं सतराव्या वर्षी आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं त्याच दिवशी जागतिक अजिंक्यपद मिळवलं, त्यानंतर आमच्या मैदानावर पालक पोरांना घेऊन यायला लागले. पण पोराला आधी पळायला लावलं, रिकाम्या हातानं आणि मग पट्ट्यानं ओढायची नक्कल करायला लावली, पाच मीटरवरनं कोऱ्या टार्गेटवर सोडायला लावलं, की हेच पालक घड्याळ बघतात. "फी याच्यासाठी भरलीय का?" असं एक बाई माझ्यादेखत म्हणाल्या.

माझ्यावर हसले तर हसू देत. माझं वय झालंय आणि पोटही आलंय. पण आमच्यात सहा-सात पोरी आहेत, शाळेतल्या. त्या वाकायला लागल्या, हात मागं घेऊन छाती ताणायला लागल्या, की कुंपणाला मोबाईल लागतात. एकदा सर धावून गेले तर 'पब्लिक जागा आहे' असं उत्तर मिळालं. आता पोरी साहित्याच्या खोलीमागं वॉर्मअप करतात. तिथं दोन हात पसरले की एक भिंतीला लागतो, म्हणून अर्धा व्यायाम गाळतात आणि घाईघाईनं रेषेवर येतात. त्यातल्या एकीच्या खांद्यावर सध्या निळी टेप आहे. जिल्ह्याची निवड चाचणी तिनं कडेला बसून बघितली. कुंपणावरच्या एकालाही त्याचं काही नाही. वायूची चौकशी मात्र माझी होते.

आणि चौकशी संपत नाही. दुसऱ्या दिवशी काका आले ते बाटली घेऊन. हिरवट तेल, वर कागदाचं बूच. "वातावर रामबाण," म्हणाले. बाणाचा विनोद आपण केलाय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी नको म्हणायच्या आत त्यांनी ते माझ्या खांद्याला चोळायला सुरुवात केली. एका हातानं, अर्थात. बाटली मला धरावी लागली. ती गळकी होती.

तेल बोटांना लागलं, बोटांचं फिंगर टॅबच्या, म्हणजे दोरी ओढताना बोटांवर घालायच्या पट्टीच्या, चामड्याला लागलं. तेलकट टॅबवरनं दोरी कधी सुटेल याचा भरवसा नाही. सरांनी टॅबचा वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि धनुष्य पेटीत ठेवायला सांगितलं. पूर्ण वॉर्मअप झालेला, खांदे मोकळे, अंगाला बारीक घाम, आणि मी कडेच्या बाकावर. मारायचं तर स्ट्रेचिंग मारा म्हणाले, ताणून धरायचे प्रकार तसेही शेवटीच करायचे असतात.

तेवढ्यात काका परत फिरून आले. मला बाकावर बसलेलं बघून त्यांना फार बरं वाटलं.

"पडला ना फरक?" म्हणाले. "रोज लावा. बाटली तेवढी धुऊन परत द्या, शेजारच्यांची हाय."