ऑनलाइन किराण्याला एमआरपी लागू नाही? चुकीचं आहे

‘एमआरपी फक्त दुकानाला, अ‍ॅपवाले हवा तो भाव लावू शकतात’ असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा नाही.

वेष्टनबंद वस्तूंचे २०११ चे नियम ऑनलाइन विक्रीलाही लागू आहेत. १ जानेवारी २०१८ पासून तर एमआरपी, निव्वळ वजन ही माहिती वस्तूच्या पानावरच दाखवावी लागते. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. म्हणजे साबणाच्या वडीवर ३८ रुपये छापलंय आणि बिलात त्याच वडीचे ४० लागलेत, वर ‘जीएसटी वेगळा’ म्हणतात, तर ते बेकायदेशीरच.

घोळ होतो तो डिलिव्हरीच्या पैशांमुळे. ते वेगळे घेता येतात, पण बिलात स्वतंत्र ओळीत. वस्तूच्या किमतीत मिसळून नाही. म्हणून एकूण रक्कम बघून भांडू नका, ओळ न् ओळ वाचा. सुट्या ज्वारी-कांद्याला मात्र एमआरपी नसते.

जादा पैसे घेतले असतील तर वेष्टन फेकू नका. त्याचा आणि बिलाचा फोटो काढून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी) कार्यालयात तक्रार करा. दोन रुपयांसाठी कशाला, असं म्हणू नका. माझ्या आईसारख्या कितीतरी जणी बिल उघडूनही बघत नाहीत.