सिगअल्टस्टॅक लावला म्हणून प्रोग्रॅम क्रॅश व्हायचा थांबत नाही

"या पाच ओळी टाका, सी प्रोग्रॅम कधीच क्रॅश होणार नाही" असं सांगणारी एक पोस्ट या ग्रुपातून त्या ग्रुपात फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: मेनमध्ये ८१९२ बाइटांचा ॲरे घ्या, तो सिगअल्टस्टॅकला (हँडलरसाठी वेगळा, पर्यायी स्टॅक नेमणारं फंक्शन) द्या, सिगसेगव्हीला (प्रोग्रॅमनं चुकीच्या मेमरीला हात लावला की येणारा सिग्नल) हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन, लावा, हँडलरमध्ये प्रिंटएफनं नोंद करून रिटर्न करा. सगळे थ्रेड (प्रोग्रॅममधले समांतर चालणारे धागे) सुरक्षित, प्रोग्रॅम पुढे चालू. माझ्या भाचीनं हे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये जसंच्या तसं उतरवलं आणि मला म्हणाली, "मावशी, आता सर्व्हर पडायचा प्रश्नच मिटला." प्रश्न मिटलेला नाही, वाढला आहे. म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

आधी त्यातलं खरं काय ते मान्य करते. स्टॅक (चालू फंक्शनांचा हिशेब ठेवणारी मर्यादित मेमरी) संपल्यामुळे सिगसेगव्ही आला, तर हँडलर चालवायला त्याच स्टॅकवर जागा उरलेली नसते. कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) हँडलरची फ्रेम, म्हणजे त्याच्या कामाची नोंद, तिथे ठेवता येत नाही, मग तो प्रोसेस सरळ मारून टाकतो. हँडलरची एक ओळही चालत नाही. अशा वेळी पर्यायी स्टॅक लागतोच. सिगअल्टस्टॅकच्या मॅन पेजमध्येही (लिनक्सच्या माहितीपानात) त्याचा सर्वांत नेहमीचा उपयोग म्हणून हाच दिला आहे. पोस्टमधलं खरं इथेच संपतं.

आता तो "रिटर्न करा, प्रोग्रॅम पुढे चालू" हा सल्ला. हँडलर पर्यायी स्टॅकवर नीट चालला असं धरू. हँडलर परतला की प्रोसेसर पुढच्या ओळीवर जात नाही. लिनक्सवर ज्या सूचनेवर दोष आला, तीच सूचना पुन्हा चालते. स्टॅक अजून भरलेलाच असतो, म्हणून पुन्हा सिगसेगव्ही, पुन्हा हँडलर, पुन्हा रिटर्न. प्रोग्रॅम पडत नाही हे खरं, पण तो त्याच जागी फिरत राहतो आणि प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्के खातो. पडलेली प्रोसेस सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) पुन्हा उठवू शकतो, कोअर डंप (प्रोसेस मरतानाच्या मेमरीची प्रत) मिळाला तर चूक शोधता येते. इथे दोन्ही वाटा बंद. पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमांचं मानक) तर त्याचीही हमी देत नाही: सिगसेगव्ही खऱ्या दोषातून आलेला असेल, म्हणजे किल किंवा रेझनं पाठवलेला नसेल, आणि त्याचा हँडलर नेहमीसारखा परतला, तर त्यापुढचं वर्तन अनिश्चित आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं: "मग सिगलाँगजंपनं (आधी नोंदवलेल्या जागी उडी मारणारं फंक्शन) बाहेर पडा." स्टॅक भरला त्या क्षणी प्रोग्रॅम मॅलॉकच्या (मेमरी देणारं फंक्शन) आत, लॉक धरून असेल तर? उडी मारून बाहेर आलात, पण लॉक तसाच राहिला. पुढे कुठला तरी थ्रेड तो मागायला गेला की अडकून बसतो. लिंक्ड लिस्टचा एक पॉइंटर बदलला, दुसरा बदलायचा राहिला, आणि उडी मारली, तर ती लिस्ट कायमची बिघडली. शिवाय सिगसेगव्ही फक्त स्टॅक संपल्यावर येत नाही. भरकटलेल्या पॉइंटरनं आधीच कुणाची तरी मेमरी खराब केली असेल, तरी तोच हँडलर चालतो आणि "काही झालं नाही" म्हणून पुढे जातो. भाचीचा सर्व्हर वीजमीटरच्या नोंदी साठवतो. तो बंद पडला तर कळतं. चुकीचे आकडे साठवत राहिला तर महिनाभर कुणाला पत्ता लागणार नाही. मला राग याचा येतो.

"जावात स्टॅकओव्हरफ्लोएरर पकडता येतोच ना?" येतो, हेही मान्य. पण तिथे आभासी यंत्र स्टॅकच्या टोकाला स्वतःचे राखीव पट्टे ठेवतं आणि चालणारं यंत्रकोडही स्वतःच तयार करतं, त्यामुळे स्टॅक संपला हे ओळखून त्याला नीट एरर फेकता येतो. तुमच्या सी प्रोग्रॅमला ते जमत नाही. रस्टचं पाहा. त्याची मानक लायब्ररी लिनक्सवर पर्यायी स्टॅक लावते, हँडलरही लावते. स्टॅक संपला तर ती काय करते? कुठल्या थ्रेडचा स्टॅक संपला ते छापते आणि प्रोसेस अबॉर्ट करते. पुढे चालवत नाही.

थ्रेडचा दावा तर उघड खोटा आहे. हँडलर सगळ्या प्रोसेसचा असतो, पर्यायी स्टॅक ज्या त्या थ्रेडचा. पीथ्रेडनं तयार केलेल्या नव्या थ्रेडला तो आपोआप मिळत नाही. प्रत्येकानं आपला लावायचा, तोही वेगळ्या मेमरीवर. आणि सिगॲक्शनमध्ये (हँडलर लावणारं फंक्शन) एसए_ऑनस्टॅक हा फ्लॅग दिला नाही तर लावलेला स्टॅकही वापरला जात नाही. पोस्टमधल्या कोडमध्ये हा फ्लॅगच नाही!

८१९२ बाइट हा आकडा जुन्या काळचा आहे. कर्नल हँडलरच्या फ्रेममध्ये रजिस्टरही (प्रोसेसरमधले छोटे साठे) साठवतो. एव्हीएक्स-५१२ या प्रोसेसर-विस्तारात ६४ बाइटांची ३२ रजिस्टरं, म्हणजे २०४८ बाइट. पर्यायी स्टॅकचा किमान आकार सांगणाऱ्या जुन्या मिनसिगस्टॅकएसझेडची किंमतही नेमकी तेवढीच होती. एएमएक्स या नव्या विस्ताराच्या टाइल रजिस्टरांना तर ८१९२ बाइट लागतात, म्हणजे अख्खा ॲरे. म्हणूनच २०२१ मध्ये ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३४ नं, ग्नू सोर्सचा मॅक्रो लावला असेल तर, हे आकडे स्थिर ठेवायचं सोडलं. ते आता चालू यंत्राला सिसकॉन्फ या फंक्शननं विचारून घ्यायचे. पर्यायी स्टॅक आपोआप वाढतही नाही. एममॅपनं ६४ केबी मेमरी घ्या आणि खाली एक गार्ड पेज (हात लावताच दोष येणारं पान) ठेवा.

प्रिंटएफ हँडलरमध्ये वापरू नका. तो आतून लॉक घेतो. राईट वापरा.

भाचीला आता हे करून दिलं: हँडलरला एसए_ऑनस्टॅकबरोबर एसए_रीसेटहँड (हँडलर एकदाच चालू देणारा फ्लॅग). तो राईटनं एक ओळ लिहितो आणि परततो. पॉझिक्सची हमी नसली तरी लिनक्सवर तीच सूचना पुन्हा चालते, पण आता हँडलर काढलेला असतो, म्हणून प्रोसेस मरते आणि कोअर डंपमध्ये दोषाची मूळ जागा दिसते. त्या डंपमधूनच कळलं की तिचा जेसन स्वरूपातला डेटा वाचणारा कोड प्रत्येक कंसागणिक स्वतःलाच बोलावत होता आणि खोलीला मर्यादाच नव्हती. ६४ पातळ्यांची मर्यादा घातली. त्याहून खोल काही आलं तर सर्व्हर ती विनंती नाकारतो.