सोनं हिरवं नसतं, नुसतं पिवळं असतं

सोन्याचा भाव चढला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक युक्तिवाद हटकून फिरतो: मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत सोन्याइतकं पर्यावरणस्नेही काहीच नाही. ते धूर सोडत नाही, त्याला हवामानबदलाची झळ लागत नाही, आणि बँका घेतात ते सोनं जुनंच असतं.

तिजोरीतली वीट धूर सोडत नाही, हे कबूल. धूर निघतो खाणीवर. टनभर खडकातून जेमतेम काही ग्रॅम सोनं हाती लागतं. त्यासाठी डिझेल आणि वीज जळते. ढोबळ हिशेबाने नव्या सोन्याच्या एका टनामागे तीसेक हजार टन कार्बन डायऑक्साइड. मात्र या आकड्याने अख्खा साठा गुणून रिझर्व्ह बँकेच्या माथी पाप मारणारेही चुकतात. दशकांपूर्वी खणलेलं सोनं आज विकून टाकलं, तरी तेव्हाचा धूर काही परत येत नाही.

खरी गोम 'जुनंच सोनं' या दाव्यात आहे. २००९ साली रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन घेतले. तेव्हा फक्त मालक बदलला, कुठे कुदळ पडली नाही. पण २०१७च्या अखेरीपासूनची खरेदी बाजारातली आहे. सुमारे ५५८ टनांचा साठा मार्च २०२५ अखेर ८८० टनांच्या घरात गेला. जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं उचललं, आणि खाणींतून वर्षाला निघतं साधारण ३,६०० टन. एवढं मोठं गिऱ्हाईक बाजारात उतरलं की भाव चढणारच. मोठी खाण उभी राहायला दहा-पंधरा वर्षं जातात. पंप आणि (गाळातलं सोनं वेगळं करायला) पारा घेतलेला माणूस मात्र त्याच हंगामात नदीकाठी पोचतो. पेरू देशातल्या माद्रे दे दिओस भागाचं जंगल असंच पोखरलं गेलं, घानातल्या नद्या अशाच गढूळ झाल्या. माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पारा या छोट्या सोनेखाणींतून येतो.

शिवाय काही मध्यवर्ती बँका थेट देशातलंच ताजं सोनं घेतात. घानाने २०२१ मध्ये तशी योजना सुरू केली. फिलिपीन्सची बँक तर छोट्या खाणकामगारांकडून कित्येक वर्षं घेते आहे. यात सगळं वाईटच आहे असं नाही. बँक पारा न वापरण्याची अट घालू शकते, तेच सोनं घेणारा तस्कर कशाला घालेल?

राहिला 'झळ लागत नाही' हा मुद्दा. बराचसा खरा. रोख्यांमागे असतो तसा, पुरा-दुष्काळात बुडू शकणारा कर्जदार सोन्यामागे नसतो. १९९१ मध्ये भारताने सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे तारण ठेवून डॉलर उभे केले, ते याच गुणावर. पण ही धारकाची सुरक्षितता झाली, पृथ्वीची नव्हे. सोनं बाळगायला अडीनडीचं कारण पुरेसं आहे. त्याला हिरवा रंग फासायची गरज काय?

बँकांनी नव्या सोन्याचा उगम सांगावा म्हटलं, की 'वितळलेल्या सोन्याचं मूळ कसं कळणार?' असं विचारलं जातं. लंडनच्या बाजारात चालणाऱ्या, साधारण साडेबारा किलोच्या विटेवर रिफायनरीचा शिक्का, क्रमांक आणि वर्ष असतं. खाणीचं नाव नसतं, पण माल कुठून आला याची पडताळणी करण्याचं बंधन तिथल्या मान्यताप्राप्त रिफायनऱ्यांवर २०१२ पासून आहे. रिझर्व्ह बँकेच्या सहामाही अहवालात किती सोनं देशात आणि किती बाहेर, हे छापलेलं असतं. त्याशेजारी नव्या खरेदीचा उगम सांगणारा एक रकाना सहज बसेल.