रिकामं रीळ

आमच्या चिंगीचं सगळ्यांत लाडकं खेळणं म्हणजे शिलाईच्या दोऱ्याचं रिकामं रीळ. आणि मागच्या श्रावणात तिच्या जिवावर बेतलं तेही रिळापायीच. रिकामं रीळ आणि दोन-चार वेढे शिल्लक असलेलं रीळ यांत किती फरक असतो हे मांजर असलेल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. घरात मांजर असेल तर वाचाच. नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना पाठवा.

आई गेली बावीस वर्षं घरी फॉल-पिकोची कामं घेते. डोंबिवलीतला वन बीएचके, बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, शेजारी साड्यांच्या पिशव्या. प्रत्येक साडीला तिच्या रंगाचा दोरा लागतो, त्यामुळे दीडदोनशे रिळं घरात कायम असतात. चिंगी चार वर्षांपूर्वी आली, भर पावसात, मुठीएवढी. पहिल्याच आठवड्यात तिने आईच्या पायाशी पडलेलं एक मोरपंखी रीळ पळवलं आणि तेव्हापासून तिला दुसरं काही नको. पगार झाला की मी दुकानातून काहीतरी आणायचे. पिसांचा उंदीर आणला, घुंगरू असलेला चेंडू आणला, गोल फिरणारा ट्रॅक आणला. सगळं दोन-तीन दिवसांत कोपऱ्यात पडलं.

रीळच का, हे मी बसून नीट बघितलंय. रीळ लादीवर ढकललं की सरळ जात नाही. त्याची एक कड मोठी, दुसरी लहान, त्यामुळे ते वळसा घेऊन भलतीकडेच जातं, कधी तिच्याकडेच परत येतं. चिंगी उजव्या पंजाने त्याला हलकी टपली मारते आणि लगेच मागे सरते. मग सोफ्याच्या पायाआड दबा धरते, हनुवटी जमिनीला टेकवते, डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या होतात की पिवळा रंग नावापुरता उरतो. मागचा भाग डावीउजवीकडे हलतो, दोनदा, तीनदा, आणि झेप. पुढच्या दोन्ही पंजांत रीळ घट्ट धरून ती कुशीवर पडते आणि मागच्या पायांनी त्याला लाथा घालत राहते. या सगळ्यात तिच्या मिश्या पुढे आलेल्या असतात, जवळजवळ रिळाला टेकलेल्या. मांजराला वीतभराच्या आतलं नीट दिसत नाही, तिथलं काम मिश्या करतात. शेवटी ती रीळ दातांत धरून मान वर करून चालत येते आणि आईच्या पायाशी टाकते.

हे सगळं म्हणजे शिकार. 'मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव' असं आपण म्हणतो, पण मांजरापुरतं बोलायचं तर खेळ आणि शिकार या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी घरच्या मांजरांच्या खेळाचा अभ्यास केला होता. 1998 साली त्यांनी मांडलं की भुकेलं मांजर जास्त जोमाने खेळतं आणि एरवी ज्या मोठ्या खेळण्याला बिचकतं त्याच्यावरही धावून जातं. नुसता पोरखेळ असता तर पोट रिकामं असताना तो वाढला नसता. पुढे 2002 मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तेच खेळणं लागोपाठ दिलं की मांजराचा उत्साह ओसरतो, पण त्याच वेळी वेगळं खेळणं समोर आलं तर ते पहिल्यापेक्षा जास्त जोरात खेळायला लागतं. म्हणजे कंटाळा खेळाचा नसतो, त्या एका वस्तूचा असतो. हे वाचलं तेव्हा मला माझ्या ट्रॅकचं आणि पिसांच्या उंदराचं कोडं सुटलं. मी ती खेळणी चोवीस तास तिच्यासमोर ठेवून दिली होती. रिळं मात्र रोज वेगळी यायची, वेगळ्या रंगाची, वेगळ्या साडीच्या वासाची.

आता श्रावणातलं सांगते.

राखीपौर्णिमेच्या आधीचा आठवडा, कामाचा नुसता ढीग. मंगळवारी रात्री चिंगीला उलटी झाली. मांजराला केसांमुळे अधूनमधून उलटी होतेच, त्यामुळे आम्ही लक्ष दिलं नाही. बुधवारी तिने खाल्लं नाही, न्हाणीघराच्या कोपऱ्यात अंग आकसून बसून राहिली. आईने रीळ टाकलं, चिंगीने मानही वळवली नाही. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे तोंड उघडून न बघता अपचन आहे म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. मला आजही त्याचा राग आहे, कारण त्यात आमचा एक अख्खा दिवस गेला. गुरुवारी पिवळं पाणी पडायला लागलं. मग ओळखीच्या एका मांजरवाल्या मैत्रिणीने दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी टेबलावर घेतल्या घेतल्या पहिल्यांदा काय केलं असेल, तर तिचा जबडा उघडला आणि हनुवटीखालून अंगठ्याने दाबून जीभ वर उचलली. जिभेच्या मुळाशी हिरव्या दोऱ्याचा फास होता.

मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात, आपली नखं ज्याची बनतात त्याच केराटिनचे, आणि त्या सगळ्यांची टोकं घशाकडे वळलेली असतात. अंग चाटायला ती उत्तम, पण एकदा दोरा जिभेवर आला की मांजराला तो थुंकता येत नाही. त्याला एकच वाट, आत. एक टोक जिभेखाली अडकलं आणि दुसरं पोटातून पुढे आतड्यात गेलं, की आतडं आपल्या नेहमीच्या हालचालीने त्याला पुढे ढकलायला बघतं. दोरा हलत नाही, मग आतडंच दोऱ्यावर चढत जातं. डॉक्टर आम्हाला कागदावर चित्र काढून सांगत होते. आई म्हणाली, "म्हणजे परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यासारखं." डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अगदी तसंच." नाडी ओढली की कापडाच्या चुण्या पडून ते गोळा होतं, तसं आतडं गोळा होतं. आणि ताणलेला दोरा त्या चुण्यांना आतून करवतीसारखा कापत जातो. आतडं फाटलं तर पोटात विष पसरतं.

सोनोग्राफी झाली, त्याच संध्याकाळी ऑपरेशन. जिभेखालचा फास कापला, आतडं दोन ठिकाणी उघडून दोरा काढला. आम्हाला ट्रेमध्ये दाखवला. बॉटल ग्रीन. आईने पाहताक्षणी ओळखलं, समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंची इरकल. त्या रिळावर थोडासा दोरा उरला होता. एवढ्याने आता काय होणार, म्हणून तिने ते तसंच खाली टाकलं होतं. आई दवाखान्याच्या बाकावर बसून किती वेळ नुसती हाताची बोटं चोळत होती. खर्च वीस हजारांच्या घरात गेला, तो कसाही उभा करता आला. चिंगी वाचली ती चोवीस तासांच्या फरकाने, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणून पहिली गोष्ट. मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नका. आपल्याला वाटतं, ओढला की सुटेल. आत तो आतड्यातून ओढला जात असतो. आहे तसं मांजर उचला आणि डॉक्टरांकडे पळा. आणि डॉक्टरांनी जीभ उचलून बघितली नाही तर आपण होऊन सांगा, जिभेखाली बघा म्हणून. त्यात संकोच नको.

कॅलेंडरवर, बाळाच्या दुपट्यावर, वाढदिवसाच्या कार्डावर लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजराचं पिल्लू असतं ना, ते चित्र मला आता बघवत नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्या डोक्यात बसलंय की मांजर आणि दोरा ही जोडीच आहे. मांजराला दोरा आवडतो हे खरं, कारण तो शेपटीसारखा वळवळतो. पण जे आवडतं ते सगळं त्याच्या हाती सोडायचं नसतं, हे आपण रांगत्या बाळाच्या बाबतीत न सांगता पाळतो. मांजराच्या बाबतीत का नाही?

आपल्या घरांत हे प्रकार किती असतात ते मोजून बघा. मिठाईच्या खोक्याची सुतळी. भाजीच्या जुडीचा रबर. केसांचे रबर, जे मांजरांना भारीच आवडतात. राखीचा गोंडा. सुकलेल्या गजऱ्याचा दोरा. गणपतीच्या मखराच्या चमकत्या झिरमिळ्या, ज्या विसर्जनानंतर आठवडाभर सोफ्याखालून निघत राहतात. संक्रांतीला गॅलरीत येऊन पडलेला मांजा. आणि ओवलेली सुई, ही तर सगळ्यांत वाईट, कारण दोऱ्यामागून सुईही आत जाते. दुकानातल्या खेळण्यांचंही तेच. प्लॅस्टिकचे चिकटवलेले डोळे, बारीक घुंगरू, गोंदाने लावलेली पिसं मी आता आणल्याबरोबर उपटून टाकते. उपटून निघालं नाही तरच ते चिंगीला मिळतं.

एवढं सगळं झाल्यावर नातेवाइकांपैकी काही जण म्हणाले, मांजराला कसली खेळणी, गावाकडे कोण देतं? मला हे पटत नाही. गावाकडे मांजर अख्ख्या वाड्याचं असतं, कौलांवर फिरतं, कणगीमागे उंदीर धरतं. उंदीर केवढासा, एकाने त्याचं पोट भरत नाही, म्हणून दिवसातून कितीतरी वेळा त्याला दबा धरावा लागतो. चिंगीला आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणली आणि गॅलरीला जाळी ठोकली. तिच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण तिच्या अंगातली शिकार काही जाळीने थांबत नाही. ती तिला कुठेतरी करायलाच हवी, आणि ती जागा देणं हे आमचं काम आहे. त्याला लाड म्हणू नका.

इंग्लंडच्याच एक्सेटर विद्यापीठाचं 2021 सालचं एक संशोधन आहे, बाहेर फिरून शिकार आणणाऱ्या मांजरांवरचं. घरच्यांनी रोज पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी शिकारीचा खेळ खेळला, तर मांजरांनी घरी आणलेली शिकार पाव हिश्श्याने कमी झाली. रोजच्या पाच-दहा मिनिटांत एवढं होतं.

आम्ही आता संध्याकाळी दिवेलागणीला खेळतो. मांजर जात मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला चपळ, त्यामुळे त्या वेळेला ती तयारच असते. काठीला बांधलेली चिंधी मी तिच्यापासून दूर पळवत नेते, तोंडासमोर नाचवत नाही, कारण कोणताही उंदीर मांजराच्या तोंडाकडे धावत येत नसतो. मध्येच दाराआड लपवते, कागदाखाली सरकवते. त्या खसखस आवाजाने तिचे कान वळतात. माणसाचं ऐकणं 20 हजार हर्ट्झला संपतं, मांजराचं 60 हजारांच्याही पलीकडे जातं, तेव्हा कागदाखालच्या हालचालीत तिला काय काय ऐकू येत असेल. शेवटी तिला चिंधी पकडू देते, लाथा घालू देते आणि लगेच ताटली ठेवते. शिकार झाली, जेवण झालं, अंग चाटून झालं, झोप. पहाटे चारला अंगावरून होणारी पळापळ यामुळे बंद झाली. काठी मात्र खेळ संपला की कपाटात, कारण तिलाही दोरी आहे. लेझरच्या लाल ठिपक्याशी मी खेळत नाही. तो कधीच हाती लागत नाही आणि ठिपका गेल्यावरही ती कितीतरी वेळ भिंतीकडे बघत बसते, ते मला बघवत नाही.

बाकी वेळेला कागदाचा बोळा, टेबल टेनिसचा चेंडू, जुन्या मोज्याची घट्ट शिवलेली गाठ. अख्खी गिळता येणार नाही एवढी मोठी वस्तू, आणि तिचं काही सुटणार नाही, एवढंच बघायचं. दोन दिवस एक, दोन दिवस दुसरी. पावसाळ्यात सोसायटीच्या कुंपणाशी खोकली नावाचं तण उगवतं, त्याच्या मुळाच्या वासाने बरीच मांजरं लोळायला लागतात. त्यासाठी परदेशातून मागवलेल्या सुकवलेल्या पाल्याची पुडी विकत घ्यायची गरज नाही.

आणि रिळं? रिळं आम्ही बंद केली नाहीत. आई आता रीळ संपत आलं की शेवटचा दोरा पूर्ण उलगडून काढते, बोटाने कड चाचपते, दोरा झाकणाच्या डब्यात टाकते आणि मगच हाक मारते, "चिंगे, घे गं." ती धावत येते.

हे लिहायच्या आधी काल रात्री मी मोबाईलची बॅटरी लावून फ्रिजखाली काठी फिरवली. अकरा रिळं निघाली, सगळी कोरडी, एकावरही दोरा नाही. आईने एकेक उचलून कोणत्या साडीचं ते सांगितलं. दोन कागदाचे बोळे, एक चेंडू, बाटलीचं झाकण. आणि अगदी आत, भिंतीला टेकून, भाजीच्या जुडीचा एक पिवळा रबर. त्यावर दातांच्या खुणा होत्या.